सार्वकालिक जीवनाची शर्यत: शिस्त, उपास, पडणं आणि टिकून राहणं याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न तरुण संघात येतात, लेंटच्या (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळातल्या) प्रार्थनासभा संपल्यावर दारात चपला घालता घालता येतात आणि बरेचसे रात्री अकरानंतर व्हॉट्सॲपवर येतात. उत्तरं शास्त्राला धरून द्यायचा प्रयत्न आहे. जिथे मंडळ्यामंडळ्यांत, म्हणजे चर्चाचर्चांत, मतभेद आहेत तिथे तसं सांगितलंय, आणि जिथे फक्त माझं मत आहे तिथे तेही कळेलच. वचनांचे आकडे दिलेत, ते उघडून स्वतः वाचा.

तारण कृपेने फुकट मिळतं असं शिकवता, मग ही शिस्त-बिस्त कशासाठी?

शिस्त ही सार्वकालिक जीवनाची फी नाही, एवढं आधी पक्कं करा. इफिसकरांस पत्र २:८-९ मध्ये स्पष्ट आहे की तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेने, विश्वासाच्या द्वारे, देवाचं दान आहे, कोणी बढाई मारू नये म्हणून ते कर्मांनी नाही. पण आपल्याकडे लोक हे दोन वचनं पाठ करतात आणि दहावं वाचतच नाहीत, ज्यात म्हटलंय की आपण सत्कृत्यांसाठी निर्माण केलेले आहोत आणि ती करत चालावं म्हणून देवाने ती आधीच तयार ठेवलीत. म्हणजे कर्मांनी तारण नाही, पण तारण झालेला माणूस हातावर हात ठेवून बसेल असंही नाही.

फिलिप्पैकरांस २:१२-१३ मध्ये पौल, म्हणजे ही पत्रं लिहिणारा प्रेषित, एका दमात दोन्ही बोलतो, भीत व कापत आपलं तारण साधून घ्या, आणि लगेच, कारण तुमच्यात काम करणारा देवच आहे. आपल्याला यातलं एकच वाक्य हवं असतं, आळशी माणसाला दुसरं आणि कडक माणसाला पहिलं.

सार्वकालिक जीवन म्हणजे मेल्यावर स्वर्ग, बरोबर ना?

अर्धं बरोबर. योहान १७:३ मध्ये येशू प्रार्थनेत म्हणतो की एकाच खऱ्या देवाला आणि त्याने पाठवलेल्या येशू ख्रिस्ताला ओळखणं हेच सार्वकालिक जीवन. योहान ५:२४ मध्ये तर विश्वास ठेवणाऱ्याला ते मिळालेलं आहे असंच म्हटलंय, पुढे कधीतरी मिळेल असं नाही. त्यामुळे शिस्त ही स्वर्गाच्या रांगेत नंबर लावण्यासाठी नाही, जी ओळख आज झालीय ती वाढावी म्हणून आहे.

पौल सारखा शर्यत, मुष्टियुद्ध, मुगुट असलं काय काय लिहितो, हे कुठून आणतो तो?

ज्यांना लिहितोय त्यांच्या गावातूनच. करिंथ शहराच्या जवळ इस्थमिया म्हणून ठिकाण होतं, तिथे पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाच्या देवळाशी दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरायचे, धावणं, कुस्ती, मुष्टियुद्ध, रथांच्या शर्यती. ऑलिम्पियाच्या खालोखाल ज्यांचं नाव घेतलं जायचं त्यातले हे खेळ. पौल करिंथमध्ये दीड वर्ष राहिला (प्रेषितांची कृत्ये १८:११), अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवून पोट भरत होता, आणि ते साल साधारण इ. स. ५१ च्या आसपासचं, कारण तिथला सुभेदार गल्लियो याचं नाव असलेला शिलालेख डेल्फीला सापडलाय त्यावरून काळ बसवता येतो. खेळांना बाहेरगावची गर्दी यायची, त्यांना सावलीला तंबू लागायचे, तेव्हा पौलाच्या हातचा एखादा तंबू त्या मैदानाशेजारी उभा राहिला असेल असा अंदाज काही अभ्यासक करतात. अंदाजच आहे, पण मला आवडतो.

जिंकणाऱ्याला मिळायचं काय तर पाइनच्या डहाळीचा मुगुट, आणि एका काळात तर वाळलेल्या सेलरीचा, म्हणजे सूपमध्ये घालतात त्या पालेभाजीचा! आता १ करिंथ ९:२५ परत वाचा, ते नाशवंत मुगुटासाठी सगळ्या गोष्टींत संयम पाळतात, आपण अविनाशी मुगुटासाठी. ऐकणाऱ्यांनी तो सुकलेला पाला डोळ्यांनी बघितलेला होता. ऑलिम्पियाला उतरायचं तर दहा महिने नीट सराव केलाय अशी शपथ घ्यावी लागायची. दहा महिने खाणं, झोप, सगळं मोजून मापून, कशासाठी तर आठवड्याभरात चुरा होणाऱ्या पानांसाठी.

पण या उताऱ्यावरच्या उपदेशांत एक गोष्ट हमखास सुटते आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. नवव्या अध्यायात शर्यत शेवटी येते. त्याआधी पूर्ण अध्यायभर पौल काय सांगतोय? की मला मंडळीकडून पगार घ्यायचा हक्क होता, मी घेतला नाही. मी स्वतंत्र असून सगळ्यांचा दास झालो. आणि त्याच्या आधी आठव्या अध्यायात, मूर्तीला दाखवलेलं मांस खायला मी मोकळा आहे पण माझ्या खाण्याने एखादा कमकुवत भाऊ अडखळणार असेल तर मी मांस कधीच खाणार नाही. हा त्याचा संयम! स्वतःला पवित्र दिसण्यासाठी नाही, समोरच्या माणसासाठी आपला हक्क सोडणं. शरीराला मारून कुटून दास करतो हे वाक्य या सगळ्याच्या शेवटी येतं. आपण ते वाक्य तेवढंच कापून पहाटे चारला उठण्याच्या चॅलेंजला चिकटवतो.

म्हणून कुठलीही शिस्त सुरू केलीत की विचारा, याने माझ्याशिवाय आणखी कोणाचं भलं होतंय? उत्तर कोणाचंच नाही असं आलं, तर ती शिस्त पौलाची नव्हे.

सगळे धावतात पण बक्षीस एकालाच (१ करिंथ ९:२४), म्हणजे स्वर्गात एकच जण जाणार?

नाही हो. पौल म्हणतोय की तो एक जसा धावतो तसे तुम्ही सगळे धावा. २ तीमथ्य ४:८ मध्ये तर मुगुट फक्त मलाच नाही, प्रभूच्या येण्याची आवड धरणाऱ्या सगळ्यांना मिळेल असं स्पष्ट आहे.

शरीराला मारून कुटून दास करतो म्हणजे शरीर वाईट आहे का? स्वतःला त्रास द्यायचा का?

नाही. त्याच पत्रात ६:१९ मध्ये शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याला पोटाचा त्रास होता तर पौलानेच त्याला नुसतं पाणी पिऊ नको, थोडा द्राक्षारस घे असं लिहिलं (१ तीमथ्य ५:२३). आणि कलस्सैकरांस २:२०-२३ मध्ये हात लावू नको, चाखू नको असल्या नियमांबद्दल तो चक्क म्हणतो की दिसायला फार ज्ञानाचे वाटतात, पण देहाच्या हव्यासाला आवरायला त्यांचा काही उपयोग नाही.

चर्चच्या इतिहासात दोन्ही टोकं बघायला मिळतात. पाचव्या शतकात सीरियात शिमोन नावाचा संन्यासी तीस-पस्तीस वर्षं एका खांबावर राहिला, लोक लांबून बघायला यायचे, सल्ला घ्यायचे. आणि त्यानंतर शंभरेक वर्षांत इटलीत बेनेडिक्टने मठासाठी नियम लिहिले, त्यात प्रार्थनेच्या वेळा आहेत, हातांनी करायचं काम आहे, पुरेशी झोप आहे, आजारी भावाला वेगळं जेवण आहे, रोज थोडी वाइनसुद्धा आहे. खांबावरचा माणूस विलक्षण होता यात वाद नाही, पण बेनेडिक्टचे नियम आज दीड हजार वर्षांनीही मठांतून पाळले जातात. साधी माणसं रोज जगू शकतील असं त्याने लिहिलं, म्हणून टिकलं.

शेवटपर्यंत टिकेल तोच तारला जाईल (मत्तय २४:१३), मग मिळालेलं तारण जाऊ शकतं का?

या प्रश्नावर चारशे वर्षांहून जास्त भांडण चालू आहे, ते इथे मिटणार नाही. थोडक्यात, धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या परंपरेतल्या मंडळ्यांनी १६१८-१९ मध्ये नेदरलँड्समध्ये डॉर्ट गावी सभा घेऊन ठरवलं की देव ज्यांना निवडतो त्यांना तो शेवटपर्यंत राखतोच, ते पडतील पण कायमचे नाही. त्यांना विरोध करणाऱ्या आर्मिनियस या डच धर्मपंडिताच्या मागून आलेले आणि नंतर जॉन वेस्ली, म्हणजे मेथॉडिस्ट, म्हणाले की माणूस जाणूनबुजून पाठ फिरवू शकतो आणि ते तारण गमावू शकतो. कॅथलिक शिकवण अशी की गंभीर पापाने कृपेची अवस्था जाते, पापनिवेदन संस्काराने ती परत मिळते, आणि शेवटपर्यंत टिकणं हेही देवाचंच दान, त्याची खात्री आधीच कोणी धरून बसू नये.

तुमची मंडळी कुठली ते बघा आणि पाळकांशी बोला. माझं निरीक्षण एवढंच की चुकीच्या माणसाला चुकीचं वचन दिलं जातं. जो रडतोय, माझं काही खरं नाही म्हणतोय, त्याला इब्री ६ (विश्वास सोडून गेलेल्यांना परत आणणं अशक्य, असा इशारा देणारा अध्याय) वाचून दाखवू नका, त्याला योहान १०:२८-२९ द्या, जिथे येशू म्हणतो, माझ्या हातातून कोणी हिसकावून घेणार नाही. आणि जो मजेत आहे, एकदा हात वर करून येशूला स्वीकारलं होतं कन्व्हेन्शनमध्ये तेव्हा आता काय टेन्शन, त्याला १ करिंथ १० द्या. मोशेबरोबरचे सगळे इस्राएली समुद्रातून पार झाले, सगळ्यांनी तेच अन्न खाल्लं आणि तरी बहुतेक जण रानात पडले. हा इशारा शर्यतीच्या उताऱ्याला लागूनच आहे, आणि त्याच्याच पोटात १०:१३ आहे, की देव परीक्षेबरोबर बाहेर पडायची वाटही ठेवतो.

मी तेच तेच पाप परत करतो. पश्चात्ताप करतो, आठ दिवस बरे जातात, परत तेच. आता देवाला तोंड कसं दाखवू?

हा प्रश्न अकरानंतरचा. पहिली गोष्ट, नीतिसूत्रे २४:१६ मध्ये नीतिमान सात वेळा पडतो आणि पुन्हा उठतो, म्हणजे पडणाऱ्याला तिथे नीतिमानच म्हटलंय. पेत्राने तीनदा नाकारलं आणि येशूने त्याला समुद्राकाठी मासे भाजून खायला घातले, मग तीनदा विचारलं माझ्यावर प्रीती करतोस का, आणि काम दिलं (योहान २१). योहान मार्कचं बघा, पौलाबरोबर प्रचाराला गेला आणि पहिल्याच दौऱ्यात अर्ध्या वाटेतून घरी निघून गेला, त्याच्यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात एवढं वाजलं की दोघं वेगळे झाले (कृत्ये १३:१३, १५:३७-३९). आणि तोच पौल म्हातारपणी तुरुंगातून लिहितो, मार्कला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे (२ तीमथ्य ४:११). त्याच्या एकच वचन आधी देमासचं नाव आहे, जो जगाच्या मोहाने पौलाला सोडून गेला. सोडून दोघंही गेले होते, त्यातला एक परत आला.

दुसरी गोष्ट, नुसतं रडून भागत नाही, व्यवस्था बदला. मोबाईलवरच्या घाणेरड्या व्हिडिओंचा प्रश्न असेल (आणि बहुतेक वेळा तोच असतो, उगाच गोल गोल कशाला बोलायचं) तर फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा, उशीखाली नाही, आणि गजराला दोनशे रुपयांचं घड्याळ आणा. दारूचा असेल तर त्या रस्त्याने घरी येऊ नका. व्यसनच झालं असेल तर प्रार्थनेबरोबर उपचारही घ्या, त्यात अविश्वास काही नाही.

तिसरी, याकोब ५:१६ प्रमाणे एका माणसाला सांगा. एका! प्रार्थना ग्रुपवर टाकू नका, तिथे प्रार्थनेसाठी विनंती म्हणून टाकलेलं संध्याकाळपर्यंत अख्ख्या मंडळीत फिरून येतं.

दर एक जानेवारीला वर्षात बायबल पूर्ण करायचा प्लॅन घेतो, लेवीय (नियमांनी भरलेलं तिसरं पुस्तक) आलं की गाडी बंद. काय करू?

जिमची वार्षिक मेंबरशिप घेणाऱ्यांसारखंच आहे हे, जानेवारीत मशीनला नंबर लागत नाही आणि मार्चमध्ये ट्रेनर एकटा बसलेला असतो. प्रोटेस्टंट बायबलमध्ये ११८९ अध्याय आहेत, वर्षात संपवायचे तर रोज तीन-चार अध्याय. वाचायची सवयच नसलेल्या माणसाने एकदम एवढं उचलू नये. मार्कापासून सुरू करा, सोळाच अध्याय आहेत, रोज अर्धा घेतलात तरी महिन्याभरात होतं. बरोबर एक स्तोत्र. मोठ्याने वाचा, घरात ऐकणारं कोणी असेल तर फारच छान. एखादा दिवस चुकला तर चुकला, दुसऱ्या दिवशी डबल वाचून भरपाई करू नका, त्या भरपाईच्या ओझ्यानेच माणूस सोडून देतो. लेवीय वाचायचंच आहे, पण १९ व्या अध्यायापासून वाचून बघा, शेताच्या कडेची कणसं गरिबांसाठी सोडा, मजुराची मजुरी रात्रभर स्वतःकडे ठेवू नका. एकदम घरातलं वाटायला लागेल.

लेंट पाळा असं बायबलमध्ये कुठे लिहिलंय?

लिहिलेलं नाही. येशूने रानात चाळीस दिवस उपास केला ते आहे, आणि पुनरुत्थानाच्या सणाआधी तयारीचे चाळीस दिवस ही चर्चची जुनी पद्धत, इ. स. ३२५ च्या नायसियाच्या सभेच्या नियमांत तिचा उल्लेख सापडतो. राखेच्या बुधवारपासून, म्हणजे लेंटच्या पहिल्या दिवसापासून, मोजलं तर ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस होतात, रविवार धरत नाहीत म्हणून चाळीस. कॅथलिकांमध्ये राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोन सक्तीचे उपास, १८ ते ५९ वयाच्या लोकांना, एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडंसं, आणि १४ वर्षांच्या पुढे मांस बंद. आपल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत कोणी पाळतं कोणी नाही, काही पेंटेकॉस्टल भाऊ तर हे माणसांचे नियम म्हणून हसतात आणि मग स्वतः एकवीस दिवसांची उपास-प्रार्थना जाहीर करतात. करू द्या, दोन्ही चांगलंच आहे.

नियमात पळवाटा काढायला आपण सगळेच हुशार. मटण बंद म्हणून पापलेट आणि सुरमईवर ताव मारायचा, आणि प्रार्थनासभा संपली की गरम कांदाभजी. यशया ५८ मध्ये लोक देवाला विचारतात, आम्ही उपास करतो तर तुझं लक्ष का नाही? आणि देव म्हणतो, उपासाच्या दिवशीच तुम्ही आपल्या मजुरांना राबवता. मला आवडतो तो उपास म्हणजे भुकेल्याला भाकर देणं, बेघराला घरात घेणं, उघड्याला कपडा देणं. तेव्हा चाळीस दिवस मटण सोडलंत तर मटणाचे वाचलेले पैसे काढून वेगळे ठेवा आणि ते कोणाच्या घरात जाणार हे राखेच्या बुधवारीच ठरवा. आणि धुणीभांडी करणाऱ्या मावशींना गुड फ्रायडेची भरपगारी सुट्टी द्या, आपण तीन तास क्रूसावरचे सात उद्गार ऐकत बसतो तेव्हा त्या आपल्याच घरी भांडी घासत असतात.

प्रार्थनेला बसतो पण सगळं कोरडं, काहीच वाटत नाही. विश्वास गेला का माझा?

१ राजे १९ वाचा. कर्मेलवर एवढा मोठा विजय झाला आणि दुसऱ्याच दिवशी ईजबेल राणीच्या धमकीने एलीया संदेष्टा रानात पळाला, रतामाच्या झुडपाखाली बसून म्हणाला, पुरे, माझा जीव घे. देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, मग देवदूताने उठवून निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खायला दिलं. बोलणं नंतर, होरेब डोंगरावर.

तर आधी बघा, झोप किती होते, नाइट शिफ्ट चालू आहे का, घरात आजारपण आहे का. कोरडेपण आठवडेच्या आठवडे जात नसेल, जेवण-झोप गेली असेल, जगावंसं वाटत नसेल तर कृपा करून लगेच डॉक्टरांना दाखवा आणि घरच्या एखाद्याला सांगा, एकटे राहू नका. बाकी साध्या कोरड्या दिवसांत स्वतःचे शब्द सुचत नसतील तर प्रभूची प्रार्थना म्हणा, एखादं स्तोत्र म्हणा, उपासनेला जाऊन नुसते बसा. बाकीचे गातील तुमच्या वाटचं.

शेवटपर्यंत टिकलेली आपल्याकडची माणसं सांगा ना, नेहमी पाश्चात्त्यच उदाहरणं असतात.

वसईचे गोन्सालो गार्सिया. तरुणपणी जेझुइट या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंबरोबर जपानला गेले, वर्षानुवर्षं त्यांच्यासोबत सेवा केली, भाषा शिकले, पण संघात काही त्यांना घेतलं नाही. मग व्यापार केला, चांगला चालला. पुढे मनिलाला फ्रान्सिस्कन संघाने त्यांना बंधू म्हणून घेतलं, परत जपानला दुभाषी म्हणून गेले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला २६ जणांना क्रूसावर मारलं त्यात ते होते. १८६२ मध्ये संत म्हणून जाहीर झाले. लोक शेवटचा दिवस सांगतात, मला ती मधली वर्षं जास्त मोठी वाटतात, नकार आल्यावरची.

आणि केडगावच्या पंडिता रमाबाई. दुष्काळातल्या शेकडो मुली-बायका त्यांनी आपल्या मुक्ती या आश्रमात आणल्या, त्यांना जेवण, शाळा, हाताला काम दिलं, आणि हे सगळं चालू असतानाच हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणायला बसल्या. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, छपाईचे खिळे (अक्षरं) जुळवणाऱ्या तिथल्याच मुली. कान कमी ऐकत होते, १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी मुद्रितं तपासणं थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या तेव्हा भाषांतराचं काम हातावेगळं झालेलं होतं. त्यांची शिस्त कोणासाठी होती हे वेगळं सांगायला नको.

घरचे ख्रिस्ती नाहीत, माझ्या उपास-प्रार्थनेवरून रोज भांडणं होतात.

उपास मत्तय ६ प्रमाणे करा, तोंड धुऊन, डोक्याला तेल लावून, कोणाला कळू न देता. तुमची प्रार्थना सकाळी पाणी भरायच्या वेळेला येत असेल आणि आईला एकटीला पाणी भरावं लागत असेल तर भांडण धर्माचं नाही, बादलीचं आहे. आधी पाणी भरा. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही त्यांच्या मागे लगेच गेल्या नाहीत, काही वर्षं दोघं वेगळी राहिली, नंतर त्या स्वतःच्या विचाराने आल्या. घाई करून कोणाला ओढता येत नाही.

उपासात चहा चालतो का?

हसू नका, सगळ्यात जास्त वेळा हाच विचारला जातो. शास्त्रात चहाबद्दल काहीच नाही, चहा तेव्हा त्या भागात नव्हताच. मंडळीने मिळून उपास ठरवला असेल तर मंडळीत जे ठरलंय ते पाळा. स्वतःचा असेल तर आधीच ठरवा, बिनदुधाचा चालेल की काहीच नाही, दुपारी तीनला डोकं दुखायला लागल्यावर ठरवू नका. पाणी मात्र पीत राहा. डायबिटीस असेल, बीपीच्या गोळ्या चालू असतील, पोटुशी असाल, बाळ अंगावर पीत असेल तर जेवणाचा उपास करू नका, कॅथलिक नियमांतही आजारी माणसाला आणि गरोदर बाईला सूट आहे. त्याऐवजी दिवसभर सिरियल बंद ठेवा, किंवा ज्या जावेशी बोलणं बंद आहे तिला फोन करा.